शिवरंजनीच्या नावाने गेलेली उत्तरं

माझी आत्या शिवरंजनी फोनवर बोलायला लागली की पलीकडच्या माणसाला फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. "अगे लक्ष्मीप्रिया, जेवलीस का? सासू कशी आहे? अजून तशीच? असो, असो. तू ती मरून रंगाची साडी घे हो. पोपटी नेसलीस तर मांडवातल्या केळीच्या खांबात हरवशील, नवरा शोधत बसेल."

आत्याचा धंदा नऊवारी रेशमी साड्यांचा. आमच्या कुंभकोणमजवळच्या दारासुरमचे विणकर विणतात, आत्या पारखून घेते आणि चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, जिथे जिथे आमची तंजावरी मराठी घरं पांगलीत तिथे पाठवते. आमच्यात लग्न ठरलं की मुहूर्ताच्या आधी आत्याला फोन जातो. लिहिण्याचं मात्र तिला वावडं. देवनागरी तिला वाचता येत नाही. आमच्यातल्या पुष्कळांना येत नाही. आम्ही मराठी बोलतो आणि लिहायची वेळ आली तर तमिळ अक्षरांत लिहितो. म्हणून आत्याचं प्रत्येक उत्तर रेकॉर्ड केलेल्या आवाजात जायचं. बायका ते स्पीकरवर लावून घरभर ऐकवायच्या.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना कृष्णकुमारकाका आला. हा आत्याच्या अलमेलूमावशीचा मुलगा. कंपनीने घरून काम करायला सांगितलं म्हणून चेन्नई सोडून कुंभकोणमला परतलेला. चेहऱ्यावर कायम असा भाव, की गावाची वीज यांच्यामुळेच चालते.

"अक्का, बेसिकली तुझा प्रॉब्लेम काय आहे, तुझं अस्कं चार ठिकाणी सांडलंय," तो झोपाळ्यावर बसून म्हणाला; आमच्या बोलीत अस्कं म्हणजे सगळं. "व्हॉट्सॲप एकीकडे, इन्स्टा एकीकडे, मेल तर तू उघडतच नाहीस. बेसिकली मी ते अस्कं एका जागी आणतो."

"आण की," आत्या म्हणाली आणि त्याच्यापुढे कडबोळ्यांचा डबा ठेवला.

त्याने आत्याच्याच टॅबवर, आत्याच्याच नावाने आणि तिचा फोटो लावून एक खातं उघडलं. सगळे निरोप त्यात, सगळे नंबर त्यात, कुणाच्या घरी कधी मुहूर्त आणि कुणाला कसा काठ आवडतो तेही त्यातच. खोटं कशाला बोलू, काम फक्कड केलं होतं. आत्या बोट फिरवत म्हणाली, "अस्के एका खोलीत येऊन बसलेत की रे!" मग काकाने मदतनीस म्हणून स्वतःलाही त्यात जोडून घेतलं आणि पंधरवड्याने आत्याला सांगितलं, "अक्का, किती राबशील? बेसिकली तू आता विश्रांती घे. मी बघतो."

मुहूर्तांचे दिवस आले, पण आत्याचा फोन गप्प. विचारलं की काका मान हलवायचा. "मार्केट डल आहे, अक्का." आत्याने ते खरं मानलं. तिने टॅब कपाटात ठेवून दिला आणि दुपारी चक्क झोपू लागली, जे तिने जन्मात केलं नव्हतं.

मग एक दिवस दारासुरमच्या टाउन बसमध्ये गंगाबाई भेटल्या. गंगाबाई म्हणजे मठातल्या भजनाच्या म्होरक्या. त्यांचा आवाज आधीच चढा, त्यात बस खच्चून भरलेली. मी आत्याच्या शेजारीच होते.

"काय ग शिवरंजनी, मोठी झालीस म्हणे! नातीला लग्नात तुझी साडी घेतली. दोनदा नेसली नाही तोवर काठाची जर काळी पडली. तुला कळवलं, तर तू मला काय कळवतेस?" त्यांनी फोन काढून माझ्या नाकापुढे धरला. "वाच ग पोरी, मला ती अक्षरं येत नाहीत. नातजावयाने वाचून दाखवलं तेव्हा मान खाली गेली माझी."

मी वाचलं. *आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आपली, शिवरंजनी.*

"मी नाही लिहिलं हे," आत्या म्हणाली.

"फोटो कुणाचा आहे वर? माझा?"

बसमधली सगळी माणसं आत्याकडे बघत होती. जिने आयुष्यभर रेशमाचा धागा जिभेने पारखला, ती भर बसमध्ये लबाड ठरली. घरी आली, पाय धुतले, कपाटातून टॅब काढला आणि चार्जिंगला लावला.

काकाची हुशारी इथे आटली होती. अस्कं एका जागी आणलं, पण ती जागा आत्याच्या टॅबवरही होती, हे तो विसरला. टॅब उजळला आणि निरोपांचा नुसता लोंढा आला. मार्केट कसलं डल! दर मुहूर्ताला मागणी होती; फोन करू नका, इथेच लिहा, असं काकाने आत्याच्या नावाने आधीच सगळ्यांना कळवलं होतं. काका यंत्रमागावरच्या, रेशमात दुसरा धागा घातलेल्या मिसळीच्या साड्या दारासुरमच्या हातमागाच्या म्हणून विकत होता, आणि तक्रार आली की मशीनकडून मराठी करून घेऊन आत्याच्या नावाने उत्तर ठोकत होता.

"वाच," आत्या म्हणाली. मी एकेक उत्तर काकाच्या आवाजात वाचलं, प्रत्येकाच्या आधी एक 'बेसिकली' लावून. आत्या हसली नाही. लक्ष्मीप्रियाचा निरोप निघाला: "अक्का, तुम्ही बोलत का नाही आता? आमचं काही चुकलं का?" तो तिने पुन्हा लावायला सांगितला.

मग म्हणाली, "एकदम अस्क्यांना पाठवायचं बटण कोणतं? त्याने दाखवलं होतं मला. फार कौतुकाने दाखवलं होतं."

मी दाखवलं. आत्याने घसा साफ केला.

"अगे बायांनो, मी शिवरंजनी बोलते. खरी. इतके दिवस माझ्या नावाने जो लिहीत होता, तो आमच्या अलमेलूमावशीचा कृष्णकुमार. त्याने दिलेल्या साड्या माझ्या नव्हेत. साडी चांगली निघाली असेल तर देवाची कृपा. वाईट निघाली असेल तर त्याला विचारा, माणूस घरीच असतो."

व्हॉट्सॲप, इन्स्टा, मेल, जिथे जिथे गिऱ्हाईक होतं तिथे ते एका दाबात गेलं. खातं मुळात आत्याचं, त्यामुळे तिने लगेच काकाचे हातही बांधले. त्याला नुसतं बघता येईल, लिहिता येणार नाही. "बघू दे," ती म्हणाली. "नीट बघू दे."

काका स्कूटरवरून आला तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. "अक्का, बेसिकली हा गैरसमज आहे."

"बस."

"नंदिताला बायका रस्त्यात अडवतायत, अक्का." नंदिता म्हणजे त्याची बायको.

"मला बसमध्ये अडवलं. बस म्हटलं ना."

तिने टॅब त्याच्यापुढे ठेवला. एकेक तक्रार उघडायची आणि आवाजात उत्तर द्यायचं. लिहायचं नाही, मशीन नाही. *मी कृष्णकुमार. साडी मिसळीची होती. मला माहीत होतं. मी परत घेतो.*

"माहीत होतं, हे कशाला, अक्का?"

"कारण माहीत होतं."

"हे केलं तर मला खात्यात ठेवशील ना?"

"बघू," आत्या म्हणाली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. तो पुटपुटला की "मोठ्याने, त्यांना कमी ऐकू येतं" म्हणून पुन्हा करायला लावायची. गंगाबाईंचं उत्तर त्याला पुन्हा पुन्हा करावं लागलं, कारण आत्याला त्याचा सूर पटेना. "हे 'बेसिकली' काढ. आता रड येतेय ती काढ. हां, आता जमलं." मला पोट धरून स्वयंपाकघरात पळावं लागलं.

शेवटची तक्रार संपली. काकाने कपाळ पुसलं. आत्याने टॅब स्वतःकडे ओढला, त्याचं नाव शोधलं आणि काढून टाकलं.

"अक्का! तू म्हणालीस..."

"मी बघू म्हणाले. बघितलं."

अलमेलूआजी, म्हणजे काकाची आई, तेव्हापासून आत्याशी बोलत नाही. माझ्या मुलाचं नाव गावभर खराब केलंस म्हणाली. ते खरंच आहे. काकाला आता कुणी सुतळीचा तोडाही विश्वासाने देत नाही. मला वाटलं होतं आत्याला मावशीचं तरी वाईट वाटेल. एकादशीला मठात भजन असतं, अलमेलूआजी पाठ फिरवून बसते. आत्या सगळी सतरंजी रिकामी असली तरी बरोबर तिच्या मागे जाऊन बसते आणि टाळ तिच्या कानाशी धरून, डोळे मिटून, मनापासून वाजवते.