लघवीतला फेस

मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझं पोट पाहून मलाच किळस आली. पन्नाशी उलटलेली, तरी नंदनवन वस्तीतल्या घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं. फॉर्मवर 'काही आजार?' असा प्रश्न होता. ब्लडप्रेशरची गोळी चार वर्षांपासून सुरू होती. तरी मी 'नाही' लिहिलं. शेजारी तरणी पोरं उभी होती, लाज वाटली.

ट्रेनरनं पोळी-भात जवळजवळ बंदच केला. सकाळी दहा अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी उकडलेली कोंबडी, दोनदा प्रोटीनची पावडर. अंड्यांचे ढेकर दिवसभर यायचे. पावडर घुसळायचा शेकर धुवायचा राहिला की झाकण उघडताच नासक्या दुधाचा भपकारा नाकात शिरायचा.

बायको पदर नाकाला लावून म्हणाली, "काय पिऊन राहिले हे? मले तर पाहूनच मळमळते."

दंड भरून आले, तसा मी फुगलो. बरं वाटतंय म्हणून गोळीही सोडली. मग लघवीला फेस येऊ लागला, साबणाच्या पाण्यासारखा. ट्रेनर म्हणाला, "काका, जास्तीचं प्रोटीन निघून जाते. पाणी वाढवा." मी पाणी वाढवलं. महिन्याभरात घोटे इतके सुजले की बोट दाबलं तर खड्डा पडायचा.

प्रेशरची गोळी देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. दिवसभराची ती घाण एका कॅनमध्ये जमवून, स्कूटरवर पायाशी ठेवून मी लॅबमध्ये नेली. प्रत्येक खड्ड्यात आतलं पाणी डचमळायचं.

रिपोर्ट पाहून बाईंनी विचारलं, "गोळी काहून सोडली?"

"बरं वाटत होतं," मी म्हणालो.

"लिव्हर ठीक आहे, सूज किडनीमुळे आहे. चांगली किडनी एवढं प्रोटीन बहुतेक वेळा झेलते. तुमची प्रेशरनं आधीच खराब झाली होती. तिच्यावर तुम्ही रोज हे ओझं टाकत होते."

बायको शेजारीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. रागावली असती तर सोसलं असतं. मला त्या ट्रेनरची घृणा वाटली, पण त्याहून जास्त स्वतःची.

सूज उतरली. किडनीचं जे गेलं ते परत येणार नाही, असं बाईंनी सांगितलं. आता प्रेशरची गोळी बायको स्वतः हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही.