सरकून बसा

वर्तमानपत्राच्या शाईचा वास आला की मला सुरगाण्यातलं ते घर आठवतं. शिकत असताना गृहभेटीला गेलो, तेव्हा नर्सिंगच्या वर्गातल्या मैत्रिणी नाकाला रुमाल लावून जीपमध्येच बसल्या. "तू जा, तुला भांडायची हौस!" सारवलेल्या जमिनीवर पेपर अंथरून मी त्यावर तपासणीची बॅग ठेवली. गरोदर सुनेचे पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला.

"उद्या द्राक्षाच्या कामावर जायचंय," सासू म्हणाली.

"आधी दवाखाना. तोवर मी इथून हलत नाही."

खूप घासाघीस झाली. शेवटी सासूनं अट घातली, "मंग मीबी येनार."

"या!"

आज त्या मैत्रिणी नाशिकच्या मोठ्या दवाखान्यांत आहेत. मला अजून 'खेड्यातली नर्स' म्हणून हसतात. खुशाल हसा. त्या दिवशी सासू-सून दोघींसाठी तुम्हाला जीपमध्ये सरकून बसावंच लागलं होतं.