सुका संप

नगरा मोहल्ल्यातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. नातवाने गाडीत दांडगं इंजिन बसवून घेतलं होतं, आणि बरुआसागरला बहिणीकडे मला त्याच गाडीतून जावं लागे. त्या दिवशी जाताना तो मिस्त्रीकडे थांबला. मला स्टुलावर बसवून चहा दिला. मिस्त्री डिकीत वितीने माप घेत म्हणाला, “ड्राई संप लगेगा, अम्माजी.”

मला कळेना. संप माणसं करतात, इंजिन कसला करणार? आणि तोही सुका? नातू हसला. मिस्त्री हसला नाही. त्याने एकेक बोट फडक्याला पुसलं, माझी चहाची बशी घेतली आणि तिरकी केली. चहा एका काठाला गेला, बाकीची बशी कोरडी पडली.

“तेज मोड़ पर तेल ऐसे भागता है. इंजन सूखा रह जाता है.”

संप म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं; ते सुकं ठेवून तेलाची वेगळी टाकी डिकीत बसवायची आणि पंपाने तेल खेळवायचं.

बशी मला परत देत त्याने नातवाला विचारलं, “इंजन तो बच जाएगा, भैया. मोड़ पर अम्माजी किधर भागती हैं?”

“दरवाजे पे,” मीच सांगितलं.

मिस्त्री पुन्हा माप घ्यायला लागला. त्याला ते काम हवं होतं की नको, मला अजून कळलेलं नाही.

चहा संपवून मी उठले. “तू टाकी बसव नाहीतर हंडा बसव,” मी नातवाला म्हटलं, “हळू चालवीपर्यंत माझा संप.” आणि बरुआसागरची बस धरली.