फुलदाणीशेजारचं प्रेत

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात मला प्रेताचं काम मिळालं, तेव्हा बायको म्हणाली, "बरं झालं, पाठांतर नाही." माझीही हरकत नव्हती. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मी मीटिंगांमध्ये न हलता बसतोच. सोफ्यावर अर्धा तास पडून राहायला कसली तालीम लागते?

काळजी होती ती मुलीची. नाटकातही ती माझीच मुलगी होती आणि खुनाचा संशय तिच्यावर होता. घरात मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही कार्टी तीन महिने रोमन लिपीत लिहिलेले संवाद घोकत होती. पुण्याहून तिची आजी, म्हणजे माझी आई, खास प्रयोगाला येणार होती आणि आपल्याला मराठी येतं हे तिला आजीला दाखवून द्यायचं होतं.

नाटक मूळ इंग्रजी. सिनेमा नुकता बोलू लागला होता, त्या काळात त्यावर एक बोलपटही निघाला होता. आमचे दिग्दर्शक, क्वीन्सटाउनचे एक हौशी काका, म्हणाले, "सगळ्यांनी बघा." आम्ही सेरंगूनच्या आमच्या घरी बसून पाहिला. नाटकच उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवलेलं. एकच दिवाणखाना, सोफ्यावर प्रेत, आणि त्याची बायको, वकील, नोकर, ज्याला बोलायचंय तो टेबलावरच्या फुलदाणीपाशी येऊन बोलतोय. मला वाटलं, विष फुलदाणीत असणार.

"बाबा, माइक इज इन देअर लाह," मुलगी म्हणाली. तेव्हा म्हणे माइक असाच लपवत. मग तिनं सिनेमा मागे नेऊन थांबवला. "अँड लुक, डेड मॅन इज ब्रीदिंग!"

खरंच, प्रेताचं पोट वर-खाली होत होतं. मी माझ्या पोटाकडे पाहिलं. बायकोनंही माझ्याच पोटाकडे पाहिलं.

तेव्हापासून मी एमआरटीच्या गाडीत उभ्याउभ्या श्वास रोखायचा सराव करू लागलो. एका चिनी आजीबाईंनी घाबरून मला आपली जागा दिली.

प्रयोगाच्या आठ दिवस आधी ऑफिसच्या एसीनं मला खोकला लागला. त्याच दिवशीच्या तालमीत काकांनी जाहीर केलं, की हॉलवाले कॉलरचे माइक पुरेसे देत नाहीत, तेव्हा सिनेमासारखा एक फुलदाणीत ठेवू. फुलदाणी माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर.

"काका, मला खोकला झालाय हो."

"प्रेताला खोकला नसतो," काका म्हणाले आणि पुढच्या प्रवेशाकडे वळले.

"बाबा, प्लीज," घरी जाताना मुलगी म्हणाली, "नॉट इन माय बिग सीन."

बायको रोज डॉक्टरकडे जा म्हणायची. मी काढे पीत राहिलो.

रविवारी दुपारी चारला पडदा उघडला. मी गालात लवंग धरून मेलो. डोळे मिटलेले, त्यामुळे सगळा जीव कानांत. पहिल्या रांगेत आईच्या बांगड्या वाजल्या तेवढं कळलं. वीस मिनिटं निभावली. मग मुलगी माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली, तिचं ते लांबलचक भाषण सुरू झालं, आणि लवंग घशात सरकली.

मी खोकला दाबला. प्रेताच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणखी दाबला. मग तो आलाच. फुलदाणीनं तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला.

मुलगी थांबली. इन्स्पेक्टर झालेल्या पोस्टडॉक संशोधकाच्या बुटांचा आवाजही थांबला. रोमन लिपीत यापुढचं काहीच लिहिलेलं नव्हतं. तीन महिन्यांच्या घोकंपट्टीवर मी पाणी ओतलं होतं, तेही तिच्या आजीसमोर. खरंच मेलो असतो तर बरं, असं मनापासून वाटलं.

"बघितलंत, साहेब?" तिचा आवाज आला. "मेले तरी खोकला गेला नाही! किती वेळा सांगितलं, डॉक्टरकडे जा, डॉक्टरकडे जा. ऐकतील तर शपथ!"

शब्द न् शब्द बायकोचा. बोलण्यातला ठसकासुद्धा.

हॉल हशानं फुटला. "अगं बाई माझे!" हा आईचा आवाज होता. हसू ओसरलं तशी मुलगी माझ्या कानाशी वाकली आणि कुजबुजली, "बाबा, पोट हलतंय तुमचं."

फुलदाणीनं तेही सगळ्यांना ऐकवलं.