शिवेचा दगड आणि आमचे गुरुजी

आमच्या गुरुजींचा महाराष्ट्र पुस्तकातल्यापेक्षा जरा जाड असायचा. खडू न उचलता एका दमात ते फळ्यावर नकाशा काढायचे. कोकणचा किनारा, खानदेश, विदर्भ, सगळं जिथल्या तिथं; पण हात देगलूरवरून निलंग्याकडे वळला की रेघ भालकी-बिदरला पोटात घेऊनच पुढे सरकायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा हटकलं, तर गुरुजी म्हणाले, "साहेब, पुस्तकवाले तिथं दमून थांबले. म्या अजून दमलो न्हाई." साहेब हसले आणि चहा पिऊन गेले.

मी मूळची औशाची. निलंगा तालुक्यातल्या त्या अगदी सीमेवरच्या गावात शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक मिळाली आणि तिथल्या बौद्ध वस्तीत, आपल्याच माणसांत, मी खोली घेतली. गुरुजी इतिहास शिकवायचे, निवृत्तीला टेकलेले होते. दुपारच्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातली शेंगांची चटणी न विचारता माझ्या भाकरीवर वाढायचे. त्या गावात असं करणारे ते एकटेच. त्यामुळे त्यांच्याशी भांडायचे मी रोज, पण त्यांच्यावर रागावणं काही जमलं नाही.

निजामाच्या शेवटच्या धामधुमीत त्यांचा थोरला भाऊ पलीकडच्या गावात मारला गेला. तिथल्याच ओढ्याकाठी त्याला जाळलं. पुढे राज्यांच्या हद्दी ठरल्या आणि तो ओढा कर्नाटकात गेला. "माझ्या भावाची राख परमुलखात हाय," असं गुरुजी दरवर्षी मुक्तिदिनाच्या भाषणात म्हणायचे आणि गाव डोळे पुसायचं. ज्यांचं पलीकडे कधी कोणी नव्हतं, त्यांनाही आपलं काहीतरी हिरावून नेल्यासारखं वाटायचं. गुरुजींचं दुःख खरं होतं, बाकीच्यांना ते आयतं मिळत होतं. भाषण संपलं की तरुण पोरं छाती काढून घरी जायची.

मी एकदा विचारलं, "गुरुजी, पलीकडच्यांना विचारलंत का कधी?"

"आपल्याच घरात शिरायला कोण इचारतंय, बाई?"

"गाव आमच्या वस्तीलाही आपलीच म्हणतं. विहिरीपाशी तेवढं विसरतं."

गुरुजी बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसले. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा नकाशा तेवढाच जाड होता.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले. गुरुजींनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अंगरखा शिवला खरा, पर बाही आखूड ठिवली." मग पावसानं पाठ फिरवली. गावातल्या विहिरी तळाला गेल्या. पाणी राहिलं ते पलीकडच्या गावच्या एका विहिरीला, आणि गुरुजींची लेक सुशीला त्याच गावात दिलेली होती. तिनं सासऱ्याला आणि गावच्या जाणत्यांना गळ घातली. सकाळी त्यांच्या बायकांनी पाणी भरायचं, दुपारनंतर आमच्या, असं ठरलं. आमच्या वस्तीतल्या बायकांनाही तिथं कुणी अडवलं नाही. दोन गावांच्या मधे शेंदूर फासलेला शिवेचा दगड होता, त्याच्यापाशी घागरी टेकवून सगळ्या जणी दम खायच्या.

त्या वर्षीच्या मुक्तिदिनाला गुरुजी कधी नव्हे इतकं सुंदर बोलले. "तहान लागली म्हणून आपुन परक्याच्या दारात उभं राहिलो. ती विहीर कुणाची? आपलीच." पोरं उठली. पहारी आल्या, गाडी जुंपली. शिवेचा दगड उपटून त्यांनी विहिरीच्याही पलीकडे नेऊन रोवला. म्हणजे विहीर आता लातूर जिल्ह्यात आली. गुरुजींनी नारळ फोडला. ते रडत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. पलीकडच्यांनी मारामारी केली नाही. शिवेचा देव ज्यांनी हलवला त्यांनीच तो जागेवर न्यावा, मग काटे काढू, एवढाच निरोप. सुशीला कुंपणाच्या आत उभी होती. ती बापाला म्हणाली, "नाना, काकाच्या राखेसाठी एवढं केलाव. मी तर जित्ती हाय की इथं."

त्याच संध्याकाळी गुरुजींनी पारावर माणसं गोळा केली. "चुकलं पोरांनो, दगड माघारी नेऊ."

"गुरुजी, तुमीच सांगितलाव ना, आपलंच हाय म्हणून? आता कुणाला भ्यालाव?"

मागून कोणीतरी 'फितूर' म्हणालं. एक जण म्हणाला, पाण्याविना मरू, पर मागं हटणार न्हाई. त्यानं जन्मात घागर उचलली नव्हती. बायकांनी आता ज्या टँकरची वाट बघायची, तो लातूरहून आला तर यायचा. आमच्या वस्तीतली पोरं दगड उचलायला तयार होती, पण शेंदराच्या दगडाला त्यांचा हात लागलेला गावाला चालणार नव्हता. मला त्या दिवशी सगळ्या गावाची किळस आली.

येळवसेला, मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतपूजेला, दोन्ही गावं एकमेकांच्या रानात जेवायची. त्या वर्षी गुरुजी पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी आंबिलीचं मडकं घेऊन दिवस कलेपर्यंत बसले. सुशीला आली नाही. फळ्यावर नकाशा काढणं त्यांनी सोडून दिलं होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी ते एकटेच पहार घेऊन गेले. दगड जागचा हलला नाही. उन्हात पडलेल्या गुरुजींना गाडीत घालून घरी आणलं. त्यानंतर ते फार दिवस काढू शकले नाहीत. पाणी पाजायला गेलं की एकच म्हणायचे, "दगड उचला."

त्यांची राख भावाजवळ, त्या ओढ्यात सोडायची होती. गाव झेंडे घेऊन निघालं. विहिरीपाशी सुशीला कुंपणाबाहेर आली आणि तिनं हात आडवा केला. "झेंडा घेऊन कुणी यायचं न्हाई. बाई, तुमी आणा." गर्दीत कुजबुज झाली, पण मडकं माझ्या हातात आलं. विहिरीपलीकडच्या दगडाला आमच्या गावानं ताजा शेंदूर लावला होता.

"नाना शेवटी काय म्हणले, बाई?"

"दगड उचला म्हणाले."

तिनं दगडाकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या गर्दीकडे. "एवढी माणसं आलाव," ती म्हणाली, "आता तरी उचला की."

मागून कोणीतरी गुरुजी अमर रहे म्हणालं, आणि सगळं गाव एका आवाजात ओरडलं.