थंडी नाही, असं मी वाचलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सभेत बोलतो, पत्रकं लिहितो, दुसऱ्यांच्या लबाड्या चव्हाट्यावर मांडतो — आणि माझी? ती मी जपून ठेवली.

बाबा झाशीच्या रेल्वे यार्डात सांधेवाले. पहाटेपासून उघड्यावर उभं राहून गाड्यांसाठी रूळ बदलायचे. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी त्यांना वर्तमानपत्रातलं हवामान वाचून सांगायचो. "बोला लीडरजी, उद्याचा काय हुकूम?" असं चिडवायचे. चिडवण्यात कौतुकच जास्त. मुलगा वाचतो ते खरंच असणार, ही त्यांची खात्री.

दिवाळी होऊन गेली होती. लोकरीचे कपडे अजून ट्रंकेत होते — बाबांचा कोट सोडून. छावणीतला एक गोरा साहेब बदलून गेला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात बाबांनी तो घेतला होता. जाड, तपकिरी, विलायती. लक्ष्मी गेटपाशी आम्ही विदेशी कपड्यांची होळी केली, त्या दिवशी मी तो न विचारता नेऊन आगीत टाकला. टाळ्या पडल्या. माझा मफलरही विलायतीच होता — तो मी घरी ठेवून गेलो होतो. का? मला तो आवडायचा. दुसरं काही कारण नाही.

मग एका संध्याकाळी छापून आलं — उत्तरेचा वारा, पाऊस, कडाक्याची थंडी. आई ट्रंकेकडे वळून म्हणाली, "कोट काढू का रे यांचा?"

मी वाचलं, "आकाश निरभ्र. थंडी नाही."

एवढंच. ट्रंक उघडली असती तर मला बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा वडील गारठलेले बरे — असंच ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी यार्डातल्या दोघांनी बाबांना धरून घरी आणलं. चिंब भिजलेले, दात वाजत होते. तरी मलाच समजावत होते, "छापणाऱ्यांचं चुकतं कधी कधी. तू नको मनाला लावून घेऊ." तो खोकला छातीत बसला, तो अजून गेलेला नाही.

आईनं ट्रंक उपसली. कोट नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दिवाळीआधी येऊन गेली होती. तिच्या गाठोड्यात आपणच तो चुकून टाकला, असं आईनं ठरवून टाकलं. रडायला लागली.

"जाऊ दे गं," बाबा खोकत म्हणाले, "परात मात्र झकास मिळाली!"

ती हसली, पुन्हा रडली. मी तिथेच बसलो होतो — काय अवघड होतं एक वाक्य बोलणं?

मग तिनं आपली माहेरची लोकरी शाल काढली. बाबांना बंडी शिवायची म्हणून. जमिनीवर अंथरली, कात्री घेतली आणि मला म्हणाली, "ही कड ताणून धर रे, वाकडं जायला नको."

मी धरली.