एकतीस मेंढ्यांचे समोरून फोटो

मुलगी मुंबईला निघाली तेव्हा मी तीन याद्या केल्या होत्या. पहिली बॅगेत काय भरायचं त्याची, दुसरी अडचण आली तर कुणाला फोन करायचा त्याची आणि तिसरी काय करायचं नाही त्याची. तिसरीतला पहिला मुद्दा होता, वरच्या माणसाला उलट बोलायचं नाही. पहिल्या दोन तिनं घेतल्या. तिसरी फ्रिजवरच राहिली.

मी घोडेगावला एका कचेरीत कारकून आहे, घर निरगुडसरला. मुलगी पुण्यात चित्रकला शिकली आणि मुंबईच्या एका स्टुडिओत तिला सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. मोठमोठ्या हॉटेलांच्या भिंती रंगवून देणारा स्टुडिओ. इंटर्न दोन घेतले होते, एक ती आणि एक परदेशात शिकून आलेला मुलगा. सहा आठवड्यांनी दोघांतला एकच ठेवणार होते. हे वाक्य मी डायरीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या आठवड्यात अडचण वेगळीच निघाली. तिथं सर, मॅडम काही नाही, पन्नाशीच्या मालकालाही नावानं हाक मारायची. आमची मुलगी एसटीच्या कंडक्टरलाही काका म्हणते. मालकाचं नाव तिच्या तोंडातून निघेना. मग तिनं मार्ग काढला. काम असलं की त्यांच्याजवळ जाऊन उभं राहायचं, त्यांनी बघेपर्यंत. आठवडाभर ती पुष्कळ उभी राहिली. मालकांनी इतरांना सांगितलं म्हणे, ही मुलगी बोलत नाही, निरीक्षण करते.

दुसऱ्या आठवड्यात काम मिळालं. एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलची चाळीस फुटी भिंत होती आणि विषय होता गाव. स्टुडिओतल्या लोकांनी थर्माकोलच्या गोळ्या भरलेल्या पोत्यांवर बसून ते गाव तयार केलं होतं. एक विहीर, एक बैलगाडी, डोक्यावर तीन हंडे घेऊन हसणारी बाई आणि ढगासारख्या पांढऱ्याशुभ्र मेंढ्या. मेंढ्यांत रंग भरायचं काम हिच्याकडं आलं. चार दिवस तिनं पांढऱ्यात पांढरा भरला. पाचव्या दिवशी मालकांजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आमच्याकडच्या मेंढ्या काळ्या असतात.

मालक खूश झाले. हिच्या घरात अजून मेंढ्या आहेत हे कळल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. त्या दिवसापासून हिचं इंटर्नपण संपलं आणि हीच गाव झाली. तुमच्याकडं आभाळ असंच असतं का, बायका अशाच बसतात का, असं जो तो विचारू लागला. एका मुलीनं शुक्रवारी पारंपरिक पोशाखात येशील का म्हणून विचारलं. ही मंचरहून घेतलेल्या जीन्समध्ये उभी. फोनवर मला म्हणाली, "मम्मी, तो मुलगा चित्र काढतोय आणि मी चित्रात बसतेय. मला ठेवलंच तर कशाला ठेवतील, सांग."

मी म्हणाले, ठेवतायत ना, मग झालं. आता वाटतं, ते मी म्हणायला नको होतं.

तिसऱ्या आठवड्यात मालकांनी खऱ्या मेंढ्यांचे फोटो मागितले, नैसर्गिक असावेत म्हणाले. मुलीनं मला मेसेज करताना तो शब्द गाळला. तिनं लिहिलं, काकांच्या मेंढ्यांचे फोटो पाठव, सगळ्यांचे, नीट. सगळ्यांचे आणि नीट. कारकुनाला एवढं पुरे.

काका म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या घरात मेंढ्या आता त्यांच्याकडंच आहेत. बाकी आम्ही कांदा लावतो आणि नोकऱ्या करतो. मेंढ्यांचे फोटो मुंबईला जाणार म्हटल्यावर ते म्हणाले, "वहिनी, अशा झिपऱ्या कशा धाडायच्या? लोकं काय म्हनतील?" शुक्रवारी त्यांनी सगळ्या मेंढ्या कालव्यावर नेऊन धुतल्या. शनिवारी कातरणारा बोलावून लोकर साफ उतरवली. रविवारी स्वतः नवी टोपी, मनगटावर घड्याळ आणि पायात पांढरे स्पोर्ट्स बूट घालून हजर झाले.

जनावरांच्या विम्याचे कागद माझ्या टेबलावरून जातात. त्यातल्या फोटोची पद्धत ठरलेली आहे. जनावर उभं, तोंड समोर, कानातला बिल्ला स्पष्ट दिसायला हवा आणि शेजारी मालक. बिल्ला दिसत नाही म्हणून मी कितीतरी अर्ज परत केलेत. तेव्हा एकतीस मेंढ्यांचे एकतीस फोटो निघाले. प्रत्येकात दीर मेंढीचा कान धरून उभे, आधारच्या फोटोला बघावं तसे नाकासमोर बघतायत. सोबत बिल्ल्यांच्या नंबरांची यादी, वेगळ्या कागदावर. कामावर मी समाधानी होते.

सोमवारी मीटिंगमध्ये मुलीनं फोन मोठ्या पडद्याला जोडला. सातव्या फोटोला लोक हसायला लागले. पंधराव्याला दुसरा इंटर्न पोत्यावरून खाली घसरला. मालकांनी एवढंच विचारलं, लोकर कुठंय?

त्या दिवशी तिचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. "मम्मी, तू फोटो नाही पाठवलेस. अर्ज पाठवलास."

मी विचारलं, त्यात काही अपूर्ण होतं का? तिनं फोन ठेवला.

मग मी डायरीत नवीन पान काढलं. मंचरच्या शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा, जुन्नरला क्लास काढता येईल का, परत येताना सामान कशातून आणायचं, असे सहा मुद्दे झाले. मुलीला सांगितलं नाही.

तिकडं मुलगी इरेला पेटली होती. आलेत तसेच काढते म्हणून तिनं चौथा आठवडा त्यातच घातला. उघड्या, हाडं दिसणाऱ्या, कान ओढलेल्या काळ्या मेंढ्या आणि एकतीस वेळा काका, सगळे समोर बघणारे, एका लांबलचक पट्टीवर. काम झालं तेव्हा मालकच येऊन तिच्याजवळ उभे राहिले, तिनं बघेपर्यंत. चित्र आवडलं म्हणाले. फक्त थोडे बदल हवे होते. बिल्ल्यांचा पिवळा रंग डोळ्यांत खुपतो, ते काढ. बूट काढ, घड्याळ काढ, लाल पागोटं आणि खांद्यावर घोंगडी दे.

बिल्ले तिनं काढून टाकले. ते रंगवून तीही कंटाळली होती. बाकीच्याला म्हणाली, "घड्याळ काकांनी मुद्दाम घातलंय. ते काढायचं असेल तर काकाही काढा. आणि मलाही."

हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी फ्रिजपाशी गेले. फ्रिजवरच्या यादीतला पहिलाच मुद्दा गेला होता. मालक रागावले नाहीत. म्हणाले, पांढऱ्या मेंढ्याही लावू आणि ह्याही लावू, हॉटेलवाले ठरवतील. त्या मुलानं ढगासारख्या मेंढ्यांवर पहाट चढवली होती. ती छान दिसत होती, असं मुलीनंच कबूल केलं.

सहाव्या आठवड्यात हॉटेलचे मालक आले. मोठे गृहस्थ, बरोबर दोन माणसं. पहाटेसमोर त्यांनी मान हलवली. काळ्या मेंढ्यांसमोर आले आणि हसायलाच लागले. सोबत म्हणून स्टुडिओचे मालकही थोडे हसले. मग पाहुणे चक्क मराठीत मुलीला म्हणाले, "विम्याचा फोटो आहे ना हा? वडील आमच्या म्हशींचे असेच काढायचे. पण पोरी, बिल्ला कुठंय? बिल्ल्याशिवाय पास कसा होईल?"

स्टुडिओचे मालक ताबडतोब म्हणाले, बिल्ले हवेतच, मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

मला फोन आला, "मम्मी, ती नंबरांची यादी आहे का अजून?" बावीस वर्षांच्या नोकरीत मला इतका चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. चार मिनिटांत पाठवली.

तिला ठेवलं, आणि चित्रं काढायलाच. त्या मुलाकडं शेवटचे दोन दिवस बिल्ल्यांत पिवळा भरायचं काम होतं. सहा मुद्द्यांचं ते पान मी डायरीतून फाडलं.

भिंत पूर्ण झाल्यावर मुलीनं फोटो पाठवला. मी तो दिरांना दाखवायला मेंढ्यांच्या वाडग्यावर गेले. त्यांना नंबर लागत नाहीत, ते तोंडावरून मेंढी ओळखतात. बोट सरकवत एकोणिसाव्या मेंढीवर आले आणि थांबले. "वहिनी, ही तर बिबट्यानं न्हेली."

खरंच. दोनच आठवड्यांपूर्वी. वनखात्याची माणसं येऊन गेली होती.

"पंचनाम्यावर माझी सही हाय," दीर म्हणाले. "अन् ही तिकडं हाटेलात हुबी, मी कान धरून. कोनी पाह्यलं म्हंजे? तिला पुसाया सांगा."

मुद्दा मला पटला. एकच जनावर आणि दोन कागद. मी तिथूनच मुलीला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, काकांना दे. दिरांनी ऐकून घेतलं, दोनदा बरं म्हणाले आणि फोन मला परत दिला.

"काय म्हणाली?"

"न्हाय म्हनली. काढली ती काढली." ते एकोणिसावी मेंढी बोटांनी मोठी करून बघत राहिले. मग म्हणाले, "लई झ्याक आलीय पर. एकदा जाऊन बघाया पायजे."

घरी येऊन मी त्यांच्या बॅगेची यादी करायला घेतली. पहिलं घड्याळ लिहिलं.